पाच गावांचा कचरा एकत्र करायचा की वेगवेगळा : खर्च आणि प्रदूषण दोन्ही धरून केलेला हिशेब

प्रश्न थोडक्यात असा होता की एक ६० टनांचं शहर, आजूबाजूला रोज साधारण १५-१५ टन कचरा करणाऱ्या चार नगरपरिषदा, म्हणजे सगळे मिळून १२० टन, अंतरं २० ते ५० किलोमीटर. सगळ्यांचा मिळून एक मोठा प्रकल्प करावा की प्रत्येकाने आपापलं बघावं? कन्सल्टंट म्हणतो एकच मोठा करा, स्वस्त पडेल. पर्यावरणवाले म्हणतात जिथला कचरा तिथेच जिरवा. आणि सीओ (मुख्याधिकारी) साहेबांना दोन्हींचा 'बॅलन्स' दाखवणारा रिपोर्ट हवाय.

मी गेली बावीस वर्षं नगरपालिकांच्या कचऱ्याचंच प्लॅनिंग करतोय, आधी नोकरीत आणि आता बाहेरून, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला जातो. गाव एकत्र करायचं की नाही असं नसतंच ते, कुठला कचरा एकत्र करायचा असं असतं. ओला, सुका, रिजेक्ट (वेगळं करून उरलेला टाकाऊ माल), लँडफिल (कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरायची जागा), या चौघांचं अर्थशास्त्र एकमेकांशी अजिबात जुळत नाही. आणि दुसरं, अनुभवाने सांगतो, खर्च ट्रकमध्ये असतो आणि प्रदूषण खड्ड्यात असतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

आधी ट्रक. खालचे दर मी समजायला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमच्याकडचे टाकून बघा. घंटागाडीत ७०० किलो बसतात, डिझेल-ड्रायव्हर-मेंटेनन्स सगळं धरून १८ रुपये किलोमीटर. ती ३५ किलोमीटरवरच्या प्रकल्पावर थेट पाठवली तर जाऊन-येऊन ७० किलोमीटर, १२६० रुपये, म्हणजे टनाला १८०० रुपये. ७ टनांचा कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारा ट्रक, ४५ रुपयांनी पळवला तर टनाला ४५०. आणि गावातच एक ट्रान्स्फर स्टेशन (घंटागाड्यांतला कचरा मोठ्या गाडीत भरायची जागा) करून १४ टनांचा हूक लोडर, म्हणजे अख्खा कंटेनर उचलून नेणारा ट्रक, ६५ रुपयांनी पळवला तर वाहतूक ३२५, अधिक स्टेशनचा खर्च १३० धरा, ४५५. म्हणजे ३५ किलोमीटरला कॉम्पॅक्टर आणि हूक लोडर जवळपास सारखेच, त्याच्या पुढे हूक लोडर स्वस्त, अलीकडे कॉम्पॅक्टर. पण घंटागाडी आणि हूक लोडर यांचं गणित कुठे जुळतं माहितीये? ३ किलोमीटरला! त्याच्यापुढे घंटागाडी गावाबाहेर पाठवणं म्हणजे पैसे रस्त्यावर ओतणं. १५ टनांच्या गावाला टनामागे १३४५ रुपयांचा फरक म्हणजे दिवसाला २० हजार, वर्षाला ७३ लाखांच्या वर. आणि घंटागाडी हायवेवर असते तेव्हा गल्लीत नसते, हे वेगळंच, मग लोक कोपऱ्यावर पिशव्या टाकतात आणि आपण म्हणतो लोकांना शिस्त नाही.

मी बघितलेल्या कितीतरी डीपीआरमध्ये (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालांत) घंटागाड्या थेट क्लस्टरच्या, म्हणजे गावांच्या गटाच्या, प्रकल्पावर जाताना दाखवलेल्या असतात, कारण ट्रान्स्फर स्टेशनला गावात जागा मागायला कोणी तयार नसतं.

आता खड्डा. ओला कचरा खोल डेपोत मिसळून टाकला की तो हवेशिवाय सडतो आणि मिथेन तयार होतो. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचे डिफॉल्ट आकडे घेऊन हिशेब केला तर एका टन ओल्या कचऱ्यातून पुढच्या काही वर्षांत साधारण ४० किलो मिथेन निघतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट, म्हणजे ११०० किलोच्या वर. आणि ट्रक? हूक लोडर ३५ किलोमीटर जाऊन-येऊन २० लिटर डिझेल पितो, लिटरला २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, १४ टनांवर वाटलं की टनाला ४ किलोसुद्धा नाही. चार विरुद्ध अकराशे. अगदी ती उधळपट्टीवाली घंटागाडी थेट पाठवली तरी २०-२२ किलो. म्हणून 'लांब नेऊ नका, डिझेलचं प्रदूषण होतं' हा मुद्दा मीटिंगमध्ये ऐकायला छान वाटतो पण हवामानाच्या हिशेबात तो चिल्लर आहे. ओला कचरा खड्ड्यात जातो की नाही, बास, कार्बनचा निकाल तिथे लागतो.

मग ओला कचरा लांब न्यायला हरकत नाही का? हरकत आहे, पण कारण वेगळं. १५ टनांत ८ टनांच्या आसपास ओला, त्यातलं ६ टन नुसतं पाणी. ते पाणी टनाला ४५५ रुपयांनी वर्षभर फिरवायचं म्हणजे दहा लाख रुपये, एका छोट्या नगरपरिषदेचे, फक्त पाणी वाहून न्यायला. आणि दुसरं म्हणजे ओला जितका लांब जातो तितका मिसळत जातो, गावातल्या मुकादमाला माहीत असतं कुठल्या गल्लीतून प्लास्टिक येतंय, ३५ किलोमीटरवरच्या ऑपरेटरला ते कळायचं काही कारण नाही, तो फक्त शिव्या देतो.

प्रकल्प मोठा केला की स्वस्त पडतो हे खरं, पण सगळ्याच प्रकल्पांना ते सारखं लागू नाही आणि गफलत इथेच होते. इंजिनिअरिंगमध्ये एक ढोबळ नियम आहे, क्षमता दुप्पट केली तर भांडवली खर्च दीडपट होतो. बायोगॅस, लिचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) साफ करायचा प्लांट, वजनकाटा, लाइनर (तळाचं अस्तर) टाकलेलं लँडफिल, यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. साध्या विंड्रो कंपोस्टला, म्हणजे लांब ढीग लावून केलेल्या खताला, फारसा नाही, कारण तिथे खर्च शेड आणि जागेचा, दुप्पट कचरा म्हणजे जवळपास दुप्पट शेड. त्यामुळे चार छोट्या गावांचं कंपोस्ट एकत्र करून फार काही वाचत नाही, पण चार गावांनी चार शास्त्रीय लँडफिल करणं मात्र शुद्ध वेडेपणा. २०१६ च्या घनकचरा नियमांतसुद्धा साधारण ५० किलोमीटरच्या आतल्या गावांनी खर्च वाटून सामायिक लँडफिल करावं असं राज्याच्या नगरविकास खात्यावर सोपवलं होतं, आणि त्यांतली लाइनरची अट वाचा, ९० सेंटीमीटर दाबलेली माती, वर १.५ मिलिमीटरची एचडीपीई (जाड प्लास्टिक) शीट, ती एकट्या १५ टनांच्या गावाच्या आवाक्यातली गोष्टच नाही.

आणि तो दीडपटीचा नियम प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर. १२० टनांचा बांधला आणि चांगला वर्गीकरण केलेला माल ६० टनच आला की सगळी बचत गेली. पुण्याने उलट्या टोकाचा अनुभव घेतलाय, उरुळी-फुरसुंगीचा डेपो पेटला आणि २०१७ च्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी कितीतरी दिवस गाड्या अडवल्या तेव्हा शहरात कचऱ्याचे ढीग लागले होते, आठवत असेल. एकाच टोकावर सगळं टांगलं की असं होतं. असं होऊ नये म्हणून शहरात आधीपासूनच ठिकठिकाणी ५-५ टनांचे बायोगॅस प्लांट केले होते, पण तेही बरेचसे रडतखडतच चालले, कारण ५ टनांच्या प्लांटला चांगला ऑपरेटर परवडत नाही आणि मिसळलेला कचरा डायजेस्टरला (बायोगॅसच्या टाकीला) पचत नाही. म्हणजे लहान केलं की आपोआप चांगलं होतं असंही नाही. पुण्यात जे खरंच चाललं ते म्हणजे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था, २००८ पासून पालिकेबरोबर, दारावरून कचरा घेतानाच वेगळा होतो, आणि भंगाराचे पैसे वेचणाऱ्याच्या घरात जातात. हे कुठल्याच मॉडेलमध्ये 'सुविधा' म्हणून दिसत नाही पण पालिकेचा वाहतूक खर्च तिथे वाचतो.

लहान गाव एकट्याने करू शकतं का, तर वेंगुर्ला बघून या. बारा हजारांच्या आसपास वस्ती, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना त्यांनी कचरा वीसेक प्रकारांत वेगळा करायला लावला, बायोगॅस केला, आणि जुन्या डंपिंग ग्राउंडवर लोक फिरायला यायला लागले. पण नीट बघा, तिथे मशीन फार मोठं नव्हतं, पाठपुरावा मोठा होता. दुसरीकडे गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये १०० टनांनी सुरू झाला, किनारपट्टीच्या गावांचा कचरा एकत्र, बायोगॅसमधून वीज, आणि उरलेला जळाऊ माल गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे. तो चालण्यामागचं कारण लोक विसरतात, अंतरं छोटी आहेत, आणि पैसे राज्य सरकार घालतं, गावागावांकडून वसूल करत बसावं लागत नाही. तुमच्या पाच नगरपरिषदांमध्ये ते कोण करणार?

माझा सल्ला, ढोबळमानाने. ओला प्रत्येक गावात, १५ टनांच्या गावात शेडखालचं विंड्रो कंपोस्ट, बास, फॅन्सी काही नको. ६० टनांच्या शहराचा ओला ३० टनांच्या वर, तिथे बायोगॅसचा विचार करा पण सहा महिने वर्गीकरण टिकवून दाखवल्यावरच. इंदूरचा ५५० टनांचा बायो-सीएनजी प्लांट सगळे बघून येतात आणि तसंच हवं म्हणतात, पण इंदूरने आधी घराघरात वर्गीकरण बसवलं आणि प्लांट २०२२ मध्ये आला, हा क्रम कोणी बघत नाही. सुका प्रत्येक गावात पहिल्या हाताने वेचायचा, भंगारवाल्यांना आणि बचत गटांना धरून, पण बेलिंग (गठ्ठे बांधायचं) मशीन आणि मोठा सॉर्टिंग बेल्ट एकाच ठिकाणी, कारण सुटं प्लास्टिक नेणं म्हणजे हवा नेणं. आरडीएफ (जळाऊ कचऱ्यापासून केलेलं इंधन) आणि लँडफिल मात्र नक्की सामायिक.

यातला जागेचा फायदा बघा, हा आकडा नगरसेवकांना सगळ्यात पटतो. १२० टन मिश्र कचरा २० वर्षं पुरायचा, दाबून घनमीटरला ०.८ टन आणि सरासरी १० मीटर उंची धरली, तर ११ हेक्टर लागतात, २७ एकर. फक्त रिजेक्ट, समजा दिवसाला २० टन पुरले तर १.८ हेक्टर, साडेचार एकर. २०१६ च्या नियमांतली अंतरं धरून नदीपासून १०० मीटर, तलावापासून, वस्तीपासून, हायवेपासून, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २००-२०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर, भूजल लाइनरच्या तळापासून किमान २ मीटर खाली, एवढं सांभाळून २७ एकर सलग जागा सापडली तर मला पण कळवा.

वीज करण्यासाठी जाळायचं का, हेही कोणीतरी विचारणारच. तुमच्या १२० टनांत नको. आपला मिश्र कचरा ओला, नीट जळत नाही, आणि जे जळण्यासारखं उरतं ते सिमेंट भट्टीला द्या. किलोला १५०० किलोकॅलरीच्या वरचा जळाऊ कचरा लँडफिलला टाकायचाच नाही आणि आरडीएफ प्लांटपासून १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी किमान ५ टक्के इंधन आरडीएफमधून घ्यायचं, असं २०१६ च्या नियमांनीच सांगितलं होतं. फक्त डीपीआरमध्ये आरडीएफ विकून उत्पन्न दाखवू नका. कारखाना लांब असला तर वाहतूक तुम्हालाच भरावी लागते. कंपोस्टचंही तेच, हरित महासिटी कंपोस्ट या राज्य सरकारच्या ब्रँडच्या नावाने विका जरूर, शेतकरी घेतातही, पण काच निघाली एकदा शेतात की पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही.

आता बॅलन्स. यासाठी लोक खर्चाला ६० टक्के वजन, पर्यावरणाला ४० टक्के वजन असं काहीतरी करून एक स्कोअर काढतात. करू नका. ते ६०-४० कोणी ठरवलं असं एका नगरसेवकाने विचारलं की रिपोर्ट तिथेच झोपतो, माझा झोपलाय. त्यापेक्षा असं करा. पाण्याची विहीर, वस्ती, धूर, लाइनर, या गोष्टी तराजूत घालायच्याच नाहीत, त्या अटी. अट मोडणारा पर्याय बाद, कितीही स्वस्त असो. मग जे पर्याय उरतील त्यांच्यात फक्त कार्बनवर एक मर्यादा ठेवा आणि त्या मर्यादेत सगळ्यात स्वस्त पर्याय कोणता ते काढा. मर्यादा थोडी आवळा, परत काढा. अजून आवळा. पाच-सहा वेळा केलं की एक वक्र मिळतो, सुरुवातीला थोड्या पैशात खूप प्रदूषण कमी होतं आणि एका ठिकाणानंतर प्रत्येक किलोला खर्च उसळतो. तो वक्र सभेपुढे ठेवा आणि म्हणा, तुम्ही बोट ठेवा. निर्णय त्यांचा आहे, आपला नाही.

यासाठी भारी सॉफ्टवेअर लागत नाही. पाच गावं आणि चार संभाव्य जागा, प्रत्येक जागा घ्यायची की नाही, म्हणजे पर्याय जास्तीत जास्त सोळा, एक्सेलच्या सॉल्व्हरवर एका दुपारचं काम. ट्रकची अंतरं मात्र नकाशावर सरळ रेघ मारून घेऊ नका, घाट असेल तर ड्रायव्हरबरोबर गाडीत बसून जा.

त्याच वक्रावर एक खेळ खेळून बघा. समजा वर्गीकरण करून कंपोस्ट करायला डंपिंगपेक्षा टनाला ६०० रुपये जास्त लागतात आणि टनभर कार्बन वाचतो, म्हणजे ६०० रुपयांत एक टन. आणि समजा गाड्या बदलायला टनाला १०० रुपये जास्त लागतात आणि १० किलो वाचतात, म्हणजे तेच एक टन दहा हजारांना. इलेक्ट्रिक घंटागाडी घ्या हो, गल्लीतला धूर आणि आवाज कमी होतो, डिझेल वाचतं, पण ती घेतली म्हणजे पर्यावरणाचं काम झालं असा फोटो काढू नका. (कंपोस्टवाल्यांनाही एक टोमणा, ढीग उलटला नाही तर तोही आतून मिथेनच सोडतो.)

वर्गीकरण किती धरायचं? डीपीआरमध्ये ९० टक्के असतं. तुम्ही हिशेब तीन वेळा चालवा, ३० टक्के, ५० आणि ८०. ३० टक्क्यांवर जो पर्याय कोसळतो तो घेऊ नका, कारण पहिली दोन वर्षं तुम्ही तिथेच असणार आहात. मोठा केंद्रीय बायोगॅस तिथे हमखास आडवा होतो, विंड्रो लंगडत का होईना चालतं.

पावसाबद्दल बोललंच पाहिजे कारण बहुतेक मॉडेल उत्तरेकडच्या नाहीतर परदेशी पुस्तकांवरून उचललेली असतात. लँडफिलचा एक हेक्टर उघडा राहिला आणि दिवसात १०० मिलिमीटर पडला, जो कोकणात जुलैमध्ये कोणाला बातमीसुद्धा वाटत नाही, तर दहा लाख लिटर पाणी कचऱ्यावर पडलं. त्याचं लिचेट होणार, ते ओढ्याला जाणार. म्हणून चालू सेल (लँडफिलचा सध्या भरत असलेला भाग) लहान ठेवा, बाकीचं मेच्या आत झाका, आणि लिचेटचा चालवण्याचा खर्च जून ते ऑक्टोबर वेगळा धरा. कंपोस्टला शेड का म्हणालो ते पण यासाठीच.

आकड्यांबद्दल एकच. लोकसंख्या गुणिले माणशी अमुक ग्रॅम असं करून आलेल्या टनांवर कोट्यवधींचा निर्णय घेऊ नका. सगळ्या गाड्या सलग सात दिवस वजनकाट्यावरून न्या, एकदा उन्हाळ्यात एकदा पावसात, आणि गणपतीचा आठवडा वेगळा मोजा. एका नगरपरिषदेत ठेकेदाराला टनावर पैसे मिळायचे, मी सॅम्पल उलगडून बघितलं तर जवळपास तिसरा हिस्सा माती आणि राडारोडा! टनावर पैसे देता म्हणजे तो कचरा वाढवणारच, चूक त्याची कमी आणि टेंडर लिहिणाऱ्याची जास्त (ते टेंडर लिहिणाऱ्यांत मीही होतो).

शेवटी करार. क्लस्टर इंजिनिअरिंगमुळे फारसे मोडत नाहीत, पैशांच्या वसुलीमुळे आणि यजमान गावाच्या रागामुळे मोडतात. पश्चिम बंगालमध्ये हुगळीच्या काठावर उत्तरपाडा ते चांपदानी अशा सहा नगरपालिकांनी जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जातून एकत्र प्रकल्प केला, कागदपत्रं मिळाली तर जबाबदाऱ्या कशा वाटल्या ते वाचा. आणि कोचीचा ब्रह्मपुरम कचरा डेपो विसरू नका, शेजारच्या नगरपालिकांचाही माल तिथेच, मार्च २०२३ मध्ये पेटला तो दहा-बारा दिवस धुमसत होता.

करारात मी तीन गोष्टी सोडत नाही. गावाने पाठवलेल्या मालानुसार दर, वेगळा केलेला आला तर कमी, मिसळून आला तर दुप्पट, त्याशिवाय कुठलाही सीओ गल्लीत उतरत नाही. दुसरं, फी थेट राज्याकडून येणाऱ्या अनुदानातून वळती व्हावी, कारण नगरपरिषदा एकमेकींचे पैसे थकवतात हे तुम्हाला मी सांगायला नको. अनुदानातून मशीन घेता येतं पण वीजबिल स्वतःच भरावं लागतं, किती तरी बेलिंग मशीन मी वीज तोडल्यामुळे गंजताना बघितलीत. तिसरं, ज्या गावात लँडफिल जाणार त्या ग्रामपंचायतीला टनामागे ठरलेली रक्कम, विहिरींची दर तिमाही तपासणी आणि तिचे रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आणि वजनकाट्याचा डिस्प्ले गेटच्या बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आणि प्रत्येक गावात दहा दिवसांचा सुका आणि रिजेक्ट साठवता येईल इतकी झाकलेली जागा, कधीतरी रस्ता अडवला जाणारच हे धरून. ती जागा डीपीआरमधून सगळ्यात आधी कापली जाते, तेवढं लक्ष ठेवा.

वजनकाट्याचे सात दिवसांचे आकडे आणि चार जागांचे सातबारे हातात आले की परत लिहा, सोळा पर्यायांचं शीट एकत्र बसून लावू.